ड्रमाच्या पाण्यावर न उघडणारा व्हॉल्व्ह

बीटी कपाशी आली तेव्हा मला वाटलं, फवारणीतून सुटका झाली. कसचं काय! अळी हटली, पण मावा-तुडतुडे कुठं जाणार? नवऱ्याच्या पाठीवरचा पंप काही उतरला नाही. अन् औषधानं भिजलेले त्याचे कपडे धुणार कोण? मीच. कोपरापर्यंत लाल चट्टे, बोटं फाटलेली. भाकरी थापताना असं झोंबायचं की रडू यायचं. डॉक्टर म्हणाले, हे कपडे हातानं धुणं बंद करा. बुलढाण्याच्या भावानं आपली जुनी वॉशिंग मशीन आमच्या गावी, देऊळघाटला, आणून दिली.

बटण दाबलं. घूं आवाज आला, पाणी काही आलं नाही. गल्लीतल्या मिस्त्रीचाचांनी मागचं झाकण उघडलं. "पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह गेला, बाई." नवा बसवला, तरी तेच घूं.

नवरा म्हणाला, "देऊन टाक भावाले वापस."

मला रागच आला. बुलढाण्यात कालपर्यंत चालत होती, मग इथं काऊन नाही? डोक्यात किडा वळवळू लागला. जुना व्हॉल्व्ह मागून घेतला, उघडला. आत रबराचा पडदा, त्याला सुईएवढं भोक. कितीदा फुंकून पाहिलं, काही उमगेना.

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. एरवी न्हाणीच्या छतावरच्या ड्रमातलं पाणी, मशीनलाही तेच जोडलेलं. नळाच्या दिवशी सहज मशीनची नळी थेट नळाला लावली, तर पाणी भसाभस आत. मी धावत चाचांना बोलावून आणलं.

चाचा उकिडवे बसून पाहत राहिले. "वीज फक्त बारीक भोक उघडते, बाई. पडदा पाणीच आपल्या जोरानं उचलते. भावाच्या घरी टाकी तिसऱ्या मजल्यावर असन, तुमचा ड्रम हाय डोक्याएवढ्या उंचीवर, त्याच्या पाण्याले जोरच नाही. म्या नळीचे आटे पाहिले, कॉईल पाहिली, ड्रम नाही पाहिला."

"मंग बिनाजोराचा व्हॉल्व्ह नाही येत काय?"

"येते ना. त्यात वीजच सगळं उचलते. पण पाणी हळू येते."

"येऊ द्या हळू. मले कुठं एसटी पकडायची हाय."

चार दिवसांनी तो मिळाला. मशीन भरायला चांगली वीस मिनिटं लागली, मी समोर बसून राहिले. आत फवारणीचे कपडे होते. मग नळीतून मोरीत पहिलं पाणी पडलं, पिवळट, फेसाळ, तोच उग्र वास.

नवरा दारात उभा होता. रोज कपडे बादलीत टाकून तो निघून जायचा, त्यामुळं हे पाणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"एवढं निघते याच्यातून?"

"हाव. आतापर्यंत माह्या हातावरून जात होतं."

तो जवळ आला, माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून बघू लागला. चट्टे जुनेच होते. त्यानं पाहिले आज.