सुरकुत्यांचा रंग

घेतो बायकोची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! बरं, एक वाक्य सोडून. आता शपथ बायकोची म्हटल्यावर ते वाक्य कुठलं, हेही शेवटी सांगावं लागणार.

तेव्हा ती बायको व्हायची होती. मी निपाणीहून बंगलोरला येऊन एका सरकारी कारखान्याच्या रंगखात्यात चिकटलो होतो, तोही कच्चाच. तिचे वडील देशपांडेसाहेब आमचा माल तपासून घेणारे अधिकारी. त्यांनी स्पष्ट सांगितलेलं, "नोकरी पक्की झाली की मुलीचं बोलू." आणि सोमवारी वायरलेस यंत्रांचे पत्र्याचे डबे तपासायला येणार कोण? तेच!

शनिवारी सकाळी आमचा फोरमन कृष्णप्पा भाचीच्या लग्नाला आनेकलला निघाला. जाता जाता म्हणाला, "सार, दुपारी रंग भाजायची भट्टी उघडा, डबे बाहेर काढा. रंगाला हात लावू नका."

हात लावू नका? मला? डिप्लोमा काय भिंतीवर टांगायला घेतला होता?

भट्टी उघडली आणि बघतो तर काय! सगळ्या डब्यांचा काळा रंग आक्रसलेला! तापल्या दुधावरची साय कशी गोळा होते, तशा सुरकुत्या. गेली नोकरी. गेली मुलगी.

"मुनियप्पा, पॉलिशपेपर आण. घासून काढ सगळं!"

"सार, पण अण्णांनी..."

"अण्णा आनेकलला जेवतायत. इथं मी आहे. घास!"

"सरी, सार," म्हणत बिचारा रंगारी घासायला बसला.

घासता घासता पत्र्याचे पोचे दिसायला लागले, वेल्डिंगचे फोड दिसायला लागले. मी थांबलो का? छे! उलट डबे बनवणाऱ्या पत्राखात्यात जाऊन तिथल्या फोरमनला झापून आलो, "असले डबे देता, म्हणून रंगाला सुरकुत्या पडतात!" तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मला वाटलं, वरमला.

संध्याकाळी वरून साध्या काळ्या रंगाचा हात. डबे असे चकाकले की मी त्यात बघून भांग पाडला.

सोमवारी देशपांडेसाहेबांनी डब्यावर बोट फिरवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुरकुत्या कुठायत?"

"काढल्या, साहेब! एकही ठेवली नाही."

लग्नाहून परतलेल्या कृष्णप्पानं मागे कपाळावर हात मारला. "अय्यो! सार, तो रंगच सुरकुत्यांचा! मुद्दाम पाडतात त्या. पत्र्याचे पोचे झाकले जातात, उजेड डोळ्यांवर मारत नाही!"

साहेब शांतपणे म्हणाले, "सुरकुत्यांचं इतकं वावडं असलेल्या माणसाला मुलगी कशी द्यावी, तिलाही कधीतरी पडतीलच की!"

सगळा माल परत! पुन्हा खरवडला, पुन्हा रंगवला, पुन्हा भट्टीत. ह्या खेपेला सुरकुती दिसली तेव्हा मी तिला नमस्कार केला. नोकरी वर्षभर उशिरा पक्की झाली. लग्नही तेवढंच लांबलं.

आता ते खोटं वाक्य. सासऱ्यांचं ते वावडं वगैरे. तसं काही ते बोललेच नाहीत हो! चष्मा खिशात घातला, नुसतं "हं" म्हणाले, निघून गेले.

त्या कोऱ्या "हं"वर इतकी वर्षं मीच रंग चढवतोय. सुरकुत्यांचाच. पोचे झाकायला तोच बरा.