मायचा रविवार

बाबा ख्रिस्ती झाले तेव्हा मी पाळण्यात होते. मायनं मात्र बरीच वर्षं बाप्तिस्मा घेतला नव्हता. ती उपासनेला बसे, गाणी म्हणे, प्रार्थनेला डोळे मिटे. पण पाळकसाहेबांनी विषय काढला की "पाहू" एवढंच म्हणे. बाबांना हे फार लागे. ज्याच्या अंगणात उपासना होते, त्याच्याच घरची बाई अशी अर्ध्या वाटेवर, असं मंडळीत कुणीतरी बोललंही होतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. चांदूर बाजारजवळच्या खेड्यात आमचा भाजीचा मळा होता. बाबांचा रविवार भलताच कडक. शनिवारी दिवस मावळताना मोट सुटे, ती सोमवारी पहाटेच पुन्हा जुंपली जाई. ऐन उन्हाळ्यात कोथिंबीर माना टाकी, भाऊबंद शेताच्या बांधावरून हसत, तरी बाबा जागचे हलत नसत. आम्हा पोरांना गोट्या खेळायचीसुद्धा बंदी. त्या विश्रांतीनं आम्ही अगदी जेरीस येत असू.

महिन्यातून एका रविवारी अकोल्याहून पाळकसाहेब येत. उपासनेनंतर सगळ्या मंडळीचं जेवण आमच्याकडेच. घरं थोडी असली तरी पोरंटोरं धरून चांगली पंगत बसे. माय कोंबडा आरवायच्या आधी उठे. शेवटचं गाणं चाललेलं असताना ती चुलीपुढे भाकरी थापत असे आणि तिथूनच सुरात सूर मिळवी. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही.

अशाच एका रविवारी पाळकसाहेबांनी विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बाबांकडून म्हणवून घेतली. बाबांनी ती ठसक्यात म्हटली. त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. तू नाही, तुझ्या मुलाबाळांनी नाही, गडी-मोलकरणीनं नाही, गुराढोरांनी नाही, दारी आलेल्या पाहुण्यानंही नाही. मग पाळकसाहेब मायकडे वळले. ती दारात पिठाच्या हातांनी उभी होती.

"बाई, तुम्ही अजून कशासाठी थांबलात?"

माय म्हणाली, "सायेब, याच्यात बैल आला, पाव्हना आला. मी कुठी हाय?"

मंडळी हसली. बाबा म्हणाले, "तू म्हनलं ना देवानं. त्याच्यात तू बी आली."

"मी आली, तं मंग आज सयपाक कोन करीन?"

हसू थांबलं. मायचा आवाज भांडणाचा नव्हता. ती पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "देवीच्या नवसाले गडीमानसं रोडगे करत होते. आमी बाया आंब्याखाली बसून राहत होतो. सालातून एक दिवस. देव बदलला अन् माहा तो एक दिवस बी गेला. मले येशू आवडते, सायेब. पन त्याच्या घरी मले बसाले जागा नाई."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. नवसाच्या जेवणाला ते पुरुषांनीच करायचे, अशी आमच्याकडची रीत. बाबांनी जुन्या देवाबरोबर रोडगेही टाकले होते. त्यासोबत मायचं काय गेलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला वाटलं, आता बाबा मायवर ओरडणार. ते उठले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि गोवऱ्या आणायला गेले.

"अरे, हे नवसाचं खानं हाय," मंडळीतला एक म्हातारा म्हणाला.

"नवस देवीचा होता, काका. गहू आपल्या वावरातला हाय."

ज्यानं मळा वाळू दिला पण रविवार मोडला नाही, तो माणूस भर अंगणात कणीक मळायला बसला. पाहता पाहता बाकीचे पुरुषही आले. कुणी वांगी चिरली, कुणी वरण चढवलं. पाळकसाहेबांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि गोळे वळायला घेतले. त्यांचे रोडगे विस्तवात फुटले ते फुटलेच, पण त्या दिवशीच्या त्यांच्याइतका चांगला उपदेशक मी पुन्हा पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात मायनं बाप्तिस्मा घेतला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण माझ्या मनात बसला आहे तो आधीचा रविवारच.

त्या दिवशी मायला अंगणातल्या आंब्याखाली बसवलं, तर हातांचं काय करावं हे तिला कळेना. जरा वेळ तिनं माझी वेणी घातली, मग ती आडवी झाली. पंगत मांडली तरी तिला जाग आली नाही. मंडळीतली एक काकू उठवायला निघाली तशी बाबा म्हणाले, "निजू दे तिले." सगळे भुकेले थांबले, वरण निवून गेलं. मी उशाशी बसून माश्या वारत होते. माय अशी उन्हाच्या वेळी झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मला भीती वाटली, आणि ती जिवंत आहे ना, म्हणून मी तिच्या नाकापुढे हात धरून पाहिला.