चाकामागचा दगड

माझ्या भावाच्या जीपला पुढे सहा दिवे होते, टपावर फावडं बांधलेलं होतं आणि चाकं इतकी मोठी, की आईला आत बसायला स्टूल लागायचं. हँडब्रेक नव्हता. हे मी ज्याला सांगते तो आधी दिवे कुठून घेतले ते विचारतो. शिसारी येते.

झालं असं की मागच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून त्याने डिस्क ब्रेक बसवले. चिखलातून गेल्यावर बरे पडतात म्हणे. हँडब्रेक त्या ड्रममध्येच होता, तो त्यांच्याबरोबर भंगारात गेला. उरलेली केबल गाडीखाली प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून टाकली. मग गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकामागे दगड लावायचा. बिबवेवाडीतली आमची गल्ली चांगलीच उताराची. उतार संपतो तिथे भिंतीला पाठ टेकून भाजीवाल्या मावशी बसतात. जीप सुटली तर तिला जायला तेवढी एकच जागा.

मी तेव्हा पायी चालणाऱ्यांच्या हक्कांची पत्रकं चौकाचौकात वाटत होते आणि घरी येताना त्या दगडाला वळसा घालत होते.

एका सकाळी गिअर निसटला आणि दगड घसरला. जीप मागे आली आणि चाक खड्ड्यात अडकलं म्हणूनच थांबली. मावशींच्या हातात मेथीची जुडी तशीच.

"दादा, गाडी मला भेटाय निघाली व्हती का?"

भाऊ हसला. हसला!

"अगं, थांबली ना?" तो मला म्हणाला. "एवढं असेल तर काढ पत्रक."

पत्रक नाही काढलं. जेवताना, चहाला, तो फोनवर असताना, एकच विषय काढला. शेवटी वैतागून तो वाघोलीच्या पुढे एका शेडवर गेला, जिथे जीपना हवं ते करून देतात. मीही गेले, कारण माझा भावावरही विश्वास नव्हता आणि शेडवाल्यावरही.

"भाऊ, हायड्रॉलिक हँडब्रेक टाकू, तेलाच्या दाबावरचा," शेडवाला म्हणाला. "खेचला की मागची चाकं जाम, गाडी गर्रकन फिरते. एकदम रॅलीचा फील."

"आणि उभी गाडी धरून ठेवतो का?" मी विचारलं.

"मॅडम, त्याला दगड असतोच की."

भावाने तोच बसवला. लाल मुठीची उंच लिव्हर. गल्लीत आणून त्याने ती ऐटीत खेचली, खाली उतरला. जीप उभी राहिली. मग आतल्या तेलाचा दाब हळूहळू उतरला आणि ती आवाज न करता मागे सरकू लागली. हा धावत जाऊन ब्रेकवर उभा राहिला.

"थोडा वेळ तर धरतो ना!"

"मग तेवढा वेळ तू जाऊन बस मावशींच्या जागेवर."

"वेडी आहेस का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण बसायची जागा नाही ती, मावशींनी बसायची आहे, एवढाच त्याचा हिशोब.

पुन्हा शेड. आता गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जो फिरता दांडा जातो, त्याच्या तोंडाशी वेगळी डिस्क बसवायची आणि तिला केबलने आवळणारा कॅलिपर लावायचा. तो धरायच्या पट्टीचं माप पुठ्ठ्यावर घेतलं. पुठ्ठा माझ्याच जुन्या फलकाचा. पहिली पट्टी पातळ होती, केबलची वेगळी लिव्हर खेचताच वाकली. दुसरी जाड लोखंडाची कापली, वेल्डिंग केलं. शेडवाला नाराजच.

"मॅडम, खर्च करून काही दिसतच नाही यात. सगळं गाडीखाली."

गल्लीत आल्यावर भावाने केबलची लिव्हर खेचली, मी चाकामागे लावलेला दगड काढला आणि त्याला उताराच्या तळाकडे बोट दाखवलं. मावशी उठल्या, पोतं झटकलं.

"बसा की दादा. तवर गवार निवडा."

तो बसला. गवारीच्या नावाखाली चार शेंगा मोडल्या, नजर जीपवर. जीप हलली नाही. मावशींनी गिऱ्हाइकाला कोथिंबीर दिली, सुटे पैसे शोधले, पाणी प्यायल्या. जीप तिथेच. मग तो उठला, पँट झटकत मला म्हणाला, "झालं समाधान?"

लाल लिव्हर अजून गाडीत आहे. त्याचे मित्र तिच्याबरोबर फोटो काढतात. खाली वाकून डिस्क बघायला एकही आला नाही.

दगड मावशींनी उचलून नेला. त्यांच्या ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने उडतो, त्यावर ठेवला आहे.