मेहुणीचे लाल बाण

माझ्या मेहुणीला विचारू नये असा जगात एकच प्रश्न होता, आणि तो मी तोंडात इडली असताना विचारला. "काय गं, मुलगी पहिलीत गेली. आता दिवसभर तू काय करणार?" बायकोची सांबाराची पळी हवेतच थांबली. मेहुणीने मला नीट न्याहाळलं. "हौदा? भावजी, हे विचारायला तुम्हांला कुणी सांगितलं?"

अख्ख्या म्हैसुरात माझ्या मेहुणीइतकं संशयी माणूस सापडायचं नाही. 'हौदा?' म्हणजे नुसतं 'असं का?', पण तिच्या तोंडून तो शब्द आला की निर्दोष माणूसही कबुलीजबाब द्यायला तयार होतो. दुधाचा वास ती तापवण्याआधी घेते आणि तापवल्यावर पुन्हा घेते, मधल्या वेळात कुणी काही केलं असलं तर! बोगादीला तिच्या शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईने वाटीभर बिसी बेळे भात पाठवला, तर वाटी परत करताना ही म्हणते, "सुम्ने, उगाच दिलात, की काही काम होतं?"

अर्थात दोष तिचा नाही, पेशाचा आहे. लग्नाआधीपासून ती कडकोळला एका गारमेंट कारखान्यात चेकर होती. दिवसभर शर्ट उलटेसुलटे करायचे, चुकलेली शिवण हुडकायची आणि तिथे बाणाचा लाल स्टिकर लावायचा. मुलगी झाली तेव्हा नोकरी सुटली, बाण काही सुटले नाहीत. एक अख्खं रीळ तिने घरी आणलं होतं. नवऱ्याच्या पँटवर बाण, गॅसच्या नळीवर बाण, आणि लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या पोटावर बाण. त्यात मी लष्कर मोहल्ल्यातला शिंपी. ती दुकानाची पायरी चढताना दिसली की मी तयार कपड्यांवर चादर टाकतो.

त्या इडलीनंतर आठवडाभरातच तिला कारखान्यातून फोन आला. परत येता का, सोमवारपर्यंत कळवा. झालं! "सहा वर्षांनी माझी आठवण? आधीची बाई गेली, की पळाली?" चौकशीला ती बसने कडकोळला गेली आणि सुटीच्या वेळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहून बाहेर पडणाऱ्या बायकांचे चेहरे तपासून आली. "हसत होत्या, भावजी," ती काळजीने म्हणाली. "आठ तास उभं राहून कोण हसतं?"

मग शाळा. मुलगी रडते का, हे बघायला ती तीन दिवस कंपाउंडमागे उभी राहिली. मुलगी रडत नव्हती. वर डबाही चाटूनपुसून परत येत होता. "अय्यो, घरी दोन घासांना तास लावते ती! हिला कुणीतरी शिकवलंय." मग हळूच म्हणाली, "हिला माझी गरज नाही आणि कारखान्याला आहे, हे कसं खरं मानायचं? सहा वर्षांत माझा डोळा गेला असला तर?"

रविवारी ती दुकानात आली तेव्हा मी चादर स्वतःच काढली. गणवेशाचे दहा शर्ट तिच्यापुढे ठेवले. "यातल्या एकात मी मुद्दाम चूक केलीय. शोध." तिने कॉलर उलटल्या, बाह्यांच्या जोडांवरून बोटं फिरवली. दहा मिनिटांत चार शर्टांवर बाण. रिळाचा गोंद कधीच वाळला होता, तरी पठ्ठीने थुंकी लावून ते चिकटवले.

"मुद्दाम एकच केली होती," मी म्हणालो.

"हौदा?" आणि ती हसली. कितीतरी महिन्यांनी. "मग बाकीच्या तीन, भावजी?"

सोमवारी ती होकार द्यायला स्वतः गेली, कारण फोनवरचा माणूस खराच कारखान्यातला कशावरून? भाचीला शाळेतून आणायचं काम माझ्या बायकोने आपणहून मागून घेतलं.

संध्याकाळी बायको भाचीच्या बुटांच्या गाठी सोडत बसली होती. मी म्हणालो, "तरी तो प्रश्न मी विचारायला नको होता. चुकलंच माझं."

"नाही हो, बरं केलंत," ती म्हणाली. दुसऱ्या बुटाची गाठ सोडवून झाली, तरी तिने मान वर केली नाही. "आपली दोन्ही मुलं शाळेत जायला लागली ना, तेव्हा मी किती दिवस वाट बघितली. म्हटलं, तुम्ही विचाराल."