हे काय, पाच मिनिटं!

राष्ट्रीय उद्यानातल्या धबधब्याच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला एक स्टूल असे आणि स्टुलावर एक पहारेकरी. निसरड्या कडेला कोणी जाऊ नये एवढंच बघायचं, हे त्याचं एकतीस वर्षांचं काम. पण लोक विचारत ते भलतंच. "काका, अजून किती?" पुढे चांगल्या चारशे पायऱ्या. हा म्हणे, "हे काय, पाच मिनिटं!" बिचारे धापा टाकत निघत. उतरताना भांडायच्या तयारीने येत आणि हसून पुढे जात. 'पाचमिनिटे' हे त्याचं आडनावच पडलं होतं. खरा आकडा सांगितला की निम्मे तिथूनच माघारी फिरत, आणि इतक्या जवळ येऊन फिरलेलं माणूस त्याला बघवत नसे.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याने बायकोला आणलं. तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता एकतीस वर्षं गेली, आणि उद्या तर दोघं कायमची लेकीकडे, लांबच्या शहरात निघाली होती. आज नाही तर कधीच नाही.

स्टुलापर्यंत येतानाच ती मेटाकुटीला आली. मटकन बसली. "अहो, अजून किती?"

त्याची जीभ अडखळली. हिच्याशी तो कधी खोटं बोलला नव्हता. "चारशे बारा पायऱ्या."

"मग राहू दे. आवाज ऐकला, भरून पावले."

त्याला स्वतःचाच संताप आला. साऱ्या जगाला फुकट वाटली पाच मिनिटं, आणि घरच्या माणसाच्या वेळी याला खरेपणा सुचला!

तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई घामाघूम होऊन वर आली. तिने स्टुलावर बसलेल्या आजींनाच विचारलं, "अजून किती हो?"

आजींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "हे काय, पाच मिनिटं!"

बाईचा चेहरा खुलला. चार पायऱ्या चढून ती वळली. "मग तुम्हीही चला की, आजी!"

"आली का पंचाईत!" म्हणत ती नवऱ्याचा हात धरून उठली.

पावणेदोन तास लागले. दर दहा पायऱ्यांना ती टेकली, गुडघ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावाने बोटं मोडली, पण फिरली नाही. मग समोर पाणी कोसळताना दिसलं. तुषारांनी चेहरा भिजला तरी तिने पुसला नाही. त्याला भरून आलं. ते लपवायला त्याने उगाच घड्याळाकडे मान वळवली.

तिने घड्याळावर हात ठेवला.

"बघू नका. पाचच झालीत."