चौथ्या मजल्यावरच्या माश्यांचा अर्ज

अर्जलेखनाच्या व्यवसायात मला सव्वीस वर्षे झाली. शाळा नववीत सुटली, हे मी लपवत नाही. परंतु माझ्या हातचा मसुदा साहेब लोक वरपासून खालपर्यंत वाचतात, हेही मी लपवत नाही. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीत कोणाला लेखी काही मागायचे असले, की तो आधी माझ्या दारी येतो.

गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी संशोधक. तिच्या प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाल्यामुळे तिने आपल्या माश्या महिनाभरासाठी घरी आणल्या होत्या. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या बारीक माश्या. काचेच्या नळ्यांत, तोंडाला कापसाचे बोळे, तळाशी मक्याच्या पिठाचे घट्ट खाद्य. आणि रविवारी सोसायटी संपूर्ण इमारतीत झुरळांचे औषध फवारणार होती. त्याचा वास जिन्यातून आत शिरला असता, तरी तीन वर्षे जोपासलेल्या पिढ्या एका सकाळीत संपल्या असत्या. चौथा मजला फवारणीतून वगळावा, एवढेच तिचे मागणे.

"पण या माश्यांचे तू करतेस काय?" मी रीतसर विचारले.

"लॅबमध्ये त्यांना तापवते, काका. सदतीस अंशांवर. शरीर एरवी नाना प्रकारची प्रोटीन बनवत असतं. असा ताण आला की माशी बहुतेक सगळं काम बंद करते, जीव वाचवायला लागतात तेवढीच बनवते. हे बंद-चालू कोण ठरवतं, ते शोधतेय."

मला हे लगेच समजले, याचे तिला आश्चर्य वाटलेले दिसले.

आता, आमच्या व्यवसायाचा पाया असा, की अर्जात अर्जदाराचे हाल दिसले पाहिजेत. विधवेची पेन्शन असो वा नळजोडणी, हाल नसतील तर कागद गठ्ठ्यात खाली सरकतो. मुलीचे तर हाल काहीच नव्हते. तेव्हा मी ते माश्यांच्या नावे लिहिले. "सदर मुके जीव असह्य उष्णतेत होरपळून, अन्नपाण्यावाचून तडफडत असून..." असे दीड पान झाले.

"काका, मी उपाशी नाही ठेवत त्यांना," मुलगी म्हणाली.

"अर्जाला तेवढे लागते," मी म्हणालो.

शुक्रवारी संध्याकाळी कमिटी बसली. सेक्रेटरींनी अर्ज मोठ्याने वाचला. चौथ्याच मजल्यावर राहणारे, कमिटीतले एक गुजराती काका आहेत. सूर्यास्तानंतर ते पाणीदेखील घेत नाहीत. त्यांचा चेहरा ओळीगणिक उतरत गेला.

"बेटी, तू जीवांना भाजते?"

"उद्याच्या उद्या हे बाहेर काढा," सेक्रेटरी म्हणाले. "इमारतीत असलं चालणार नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, अर्ज लिहिलात की आरोपपत्र?" मग सेक्रेटरींना म्हणाल्या, "आणि तुम्ही रविवारी झुरळांना काय प्रसाद वाटणार आहात?"

"म्हणून तर मी दवाईच्या कागदावर साइन नाही केली," काका शांतपणे म्हणाले.

मसुदा माझा होता, म्हणून मी उभा राहिलो. "मजकूर मी वाढवून लिहिला आहे. उपासमार खोटी आहे. बाकीचे मुलीलाच विचारावे."

"गरमीने मरते ती?" काकांनी विचारले.

"थोड्या मरतात. बाकीच्या काम थांबवून बसतात. गार जागी ठेवलं की काही तासांत पुन्हा सुरू."

"सब बंद करून बसते? हा तर उपवास झाला."

सेक्रेटरी मान डोलावू लागले होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण काका, प्रोटीन मोजायला शेवटी काही माराव्याच लागतात."

एवढे कोणी विचारले नव्हते. वहिनींनी डोळे मिटून घेतले. काकांनी खुर्ची मुलीकडे वळवली.

"इथे मारते?"

"नाही. इथे तापवतही नाही. नुसतं सांभाळते."

"मग इथे त्यांना कोणी मारायचं नाही. तू पण नाही, दवाईवाला पण नाही."

मी तिथेच नवा अर्ज लिहिला. तीन ओळी, एकही विशेषण नाही. शेजारी म्हणून काकांनी पहिली सही केली, आणि सेक्रेटरींनी मंजुरीची.

रविवारी काका चौथ्या मजल्याच्या जिन्याशी खुर्ची टाकून बसले. वहिनींनी दाराच्या फटीला ओल्या चादरी लावल्या. दुपारी मुलीने एक नळी उजेडात धरून टिचकी मारली. माश्या तळाशी पडल्या आणि पुन्हा भराभर वर चढू लागल्या. ती प्रत्येक नळी तशीच तपासत गेली. शेवटची खाली ठेवून म्हणाली, "सगळ्या आहेत."

सोमवारपासून इतर मजल्यांवरची झुरळेही चौथ्यावर राहायला आली. त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहावा म्हणून वहिनी माझ्याकडे आल्या. मी स्पष्ट नकार दिला. काका रोज सकाळी सुपलीत झुरळे घेऊन खाली कुंपणापाशी सोडून येतात. जिन्यात गाठ पडली, की मी बाजूला होऊन त्यांना वाट देतो.