म्हाळसेविना खंडोबा

दुपारची जेवणं झाली, ही आतल्या खोलीत आडवी झाली, की मी कपाटातून माझी पेटी काढतो. पेटी कसली, शाळेतल्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी लाकडी डबी. आत निळं मखमल आणि मखमलीत सात खळगे. श्रीरामपुरातल्या आमच्या घराला पश्चिमेची एक खिडकी आहे. तिच्यातून ऊन सरकत सरकत टेबलावर येतं आणि पेटीत उतरतं. सहा खळग्यांतले सहा राजे पिवळे होतात, आणि मग मला काही सुचत नाही. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही. चहाची वेळ होऊन हिची भांडी वाजायला लागेपर्यंत मी तसाच बसलेला असतो.

मी पंचम जॉर्जच्या सोन्याच्या गिन्न्या जमवतो. बाकी कुठला राजा नाही, राणी नाही. लोक विचारतात, एकच राजा का हो? अरे बाबा, या एकानंच माझी निम्मी कमाई खाल्ली, दुसरा कुठून पोसू. काही शहाणे विचारतात, इंग्रजांचं एवढं काय कौतुक? तेव्हा मात्र माझं डोकं सटकतं. राजाचं मला काडीचं कौतुक नाही. दाढीवाला, पडेल चेहऱ्याचा माणूस तो. मला कौतुक आहे ते त्याच्या पाठीमागच्या बाजूचं.

गिन्नी उलटी केली की मागे डोक्यावर टोप घातलेला, जवळजवळ उघडा एक घोडेस्वार दिसतो. घोडा उसळलेला, पायाखाली राक्षसासारखं एक जनावर चिरडलेलं, आणि त्याच्याखाली जमिनीची एक रेघ. ही गिन्नी या राजाच्या काळात सात गावच्या टांकसाळींत पाडली जायची. लंडन, ओटावा, सिडनी, मेलबर्न, पर्थ, प्रिटोरिया आणि आपली मुंबई. चेहरा तोच, घोडा तोच. फरक कळायचा तो त्या जमिनीच्या रेघेवर. तिथे, सालाच्या वर, मुंगीच्या पायाएवढं एक अक्षर असतं. पर्थचं वेगळं, सिडनीचं वेगळं. लंडनला अक्षरच नाही, मालकाला कशाला हवी पाटी. मुंबईची खूण म्हणजे इंडियाचा इंग्रजी 'आय', एक बारीक उभी रेघ.

मी जन्मभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा गोडवा तपासला. हैदराबादच्या पलीकडे कधी गेलो नाही. पण भिंग डोळ्याला लावून ते अक्षर बघायला लागलो, की मी पर्थला असतो. तिथे समुद्राकडून वारा येतो, टांकसाळीच्या दारात कुणीतरी घाम पुसत उभा असतो, आणि त्याला ठाऊकही नसतं की त्यानं ठोकलेला हा तुकडा कधीतरी श्रीरामपूरच्या उन्हात पडणार आहे. दिवाळीचा बोनस बरा मिळाला की एखादी घ्यायची, असं करत करत सहा झाल्या. माझ्या बरोबरीच्यांनी प्लॉट घेतले. ही म्हणते, "सवत आणली असतीत तर परवडलं असतं. तिनं निदान भाजी तरी निवडली असती."

सातवी मिळेना, आणि गंमत म्हणजे सातवी आपल्या मुंबईचीच. पर्थ मिळालं, प्रिटोरिया मिळालं, आणि मुंबई नाही. तिथे पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फक्त एक वर्ष गिन्न्या पाडल्या. सराफांकडे ज्या बघितल्या त्यांतल्या निम्म्या खोट्या. उरलेल्यांना कुणीतरी माळेत ओवायला कडी डाकलेली.

हे वेड फुकाचं नव्हतं. माझ्या हातून आजवर एक गोष्ट पुरी झालेली नाही. बाजाची पेटी शिकायला गेलो ती सा रे ग म वर सुटली. घराचा वरचा मजला अजून सळया वर करून उभा आहे. निवृत्त झालो तेव्हा मनाशी म्हटलं, हे सात खळगे भरले की निदान एक काम पुरं झालं असं म्हणून डोळे मिटता येतील. हसण्यासारखं आहे, पण मला ते मनापासून वाटायचं.

त्यात वडिलांनी एक काडी लावून ठेवलेली. आमचं मूळ घर बेलापूरचं. आजोबा पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बाहेर गेले होते. परत आल्यावर मुंबईत बोटीतून उतरले आणि तिथे त्यांना पगारात एक गिन्नी मिळाली, असं वडील सांगायचे. मी विचारायचो, "मग ती कुठाय?" वडील म्हणायचे, "मोडली आसंल तुझ्याच दुखन्यात." मी पोरपणी फार अशक्त होतो म्हणे. त्यामुळे तो विषय निघाला की मी गप्प बसायचो. माझ्यापायीच मोडलेली वस्तू मी कुणाकडे मागणार.

मागच्या दसऱ्याला राजूरहून मोबाईलवर एक फोटो आला. राजूरला माझी थोरली बहीण असते. मी जन्मलो तेव्हा ती चांगली परकर सांभाळणारी पोर होती, आता ऐंशीला टेकली आहे. तिच्या सुनेनं देवघराचा फोटो पाठवला होता. झेंडूची माळ, आपट्याची पानं, आणि पुढे ओळीनं देवांचे टाक. त्यात आक्काचा खंडोबा होता. तो मी लहानपणापासून बघत आलोय. हळदीनं इतका माखलेला की घोड्याचे कान काय ते ओळखू यावेत. पण या वेळी सुनेनं दसऱ्याचे म्हणून देव लख्ख घासले होते.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. खंडोबाच्या टाकात घोड्यावर मागे म्हाळसा असते. देव कधी एकटा नसतो. या खंडोबाच्या मागे म्हाळसा नव्हती. डोक्यावर पागोट्याऐवजी टोप होता, आणि अंगावर धड कपडा नव्हता. खालचा भाग आपट्याच्या पानांत बुडालेला होता. मी उठून उभा राहिलो. ही म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

"गेलं नाही," मी म्हटलं, "सापडलं."

तेव्हापासून भाऊबीजेपर्यंत मी जमिनीवर नव्हतो. दुपारी पेटी उघडली की सातव्या खळग्यात ती दिसायची. कधी तिच्यावर मुंबईची खूण स्पष्ट असायची, कधी भिंग लावलं की नुसती हळद. आजोबा बोटीवरून उतरताना दिसायचे. त्यांना मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यांना वडिलांचंच तोंड असायचं, फक्त मिश्या मोठ्या. ते मूठ उघडायचे आणि मी वाकून बघायच्या आत कढईत फोडणी पडायची. ही म्हणायची, "फोनवर विचारा ना आक्कांना, खाली रेघ आहे का ते." पण हे फोनवर विचारायचं काम नव्हतं. मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

भाऊबीजेला पहाटेच्या एसटीनं निघालो. हिला गुडघ्यामुळे प्रवास झेपत नाही. पेटी बंडीच्या आतल्या खिशात आणि वर स्वेटर. संगमनेरला गाडी बदलली, अकोले गावातून जीप धरली. डोंगर सुरू झाले की मला नेहमीच डुलकी येते. दोन्हीकडं भाताची कापणी चालली होती. ओल्या पेंढ्याचा वास जीपमध्ये भरला होता. धुकं खाचरांवर बसून होतं आणि त्यातून बायकांचे आवाज तेवढे येत होते. मला वाटलं, मी कुठे चाललोय ते या जीपमधल्या कुणालाच माहीत नाही, आणि मी तर थेट मुंबईच्या टांकसाळीत चाललोय.

आक्का ओसरीवर वाट बघत बसली होती. "वाळला तू," ती म्हणाली. ती दरवर्षी हेच म्हणते, माझं पोट कितीही सुटो. पाणी झालं, चहा झाला. सून पाट मांडायला लागली आणि आक्का ओवाळायचं ताम्हन भरायला बसली. निरांजन, सुपारी, अक्षता. लोक सुपारीबरोबर अंगठी ठेवतात. आक्का देवघरातला तिचा खंडोबा ठेवते, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं तो सोन्याचा तुकडा माझ्या तोंडासमोरून फिरत होता, आणि मी लाडू कधी मिळतो ते बघत होतो.

मला धीर धरवेना. म्हटलं, "आक्का, तो खंडोबा जरा दे."

"का रं?"

मग मी सगळं सांगितलं. पेटी उघडून सहाच्या सहा गिन्न्या तिच्यापुढं ठेवल्या. हा देव नाही, ही आजोबांची गिन्नी आहे, मोडलेली नाही, हे सांगितलं. आक्का ऐकत होती. "मोडंल कशी?" ती म्हणाली. "आईनं मला लग्नात दिली. आन् देव न्हाई म्हंजी? घोडा हाय, खाली राक्षस हाय, मंग देव न्हाई तर काय तलाठी हाय व्हय?"

"म्हाळसा कुठाय मग?"

"गेली आसंल म्हायेरला."

"आणि अंगावर कपडा?"

"देवाला काय थंडी वाजती का? तू आदी तुजं सांग. ववाळनी द्यायला आलाय का घ्यायला?"

मला लाज वाटली, पण मागे हटलो नाही. म्हटलं, "आक्का, ही मला दे. बदल्यात तुला मी खरा टाक करून आणतो, म्हाळसेसकट, सोन्यात. या पेटीत हा एकच खळगा राहिलाय बघ. मला एवढं तरी पुरं करू दे."

तिनं गिन्नी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती स्वेटरला पुसली आणि आधी राजा बघितला. तोच तो, दाढीवाला. उलटी केली. घोडा होता, देव होता. टोपाची रेघन् रेघ शाबूत. आणि खाली काहीच नव्हतं. राक्षस कमरेपासून खाली नाहीसा झाला होता. जमिनीची रेघ नव्हती, साल नव्हतं, खूण नव्हती. गोल गिन्नीला तिथे सपाट उतार आला होता, साबणाच्या वापरलेल्या वडीला येतो तसा.

मी भिंग लावलं. उन्हात गेलो, परत आलो, पुन्हा लावलं. मग माझा राग नाकाच्या शेंड्यावर आला. "कुणी केलं हे?" मी म्हटलं. "कुठल्या मूर्खानं घासली ही? सोनं काय तवा आहे? इथे खूण होती, आक्का. एवढीशी रेघ. तीच बघायला मी पहाटेपासून निघालोय."

सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. आक्का शांतपणे वात पुढं सारत होती. "म्या घासली," ती म्हणाली. "सहानंवर."

"कशापायी?"

"तुझ्यापायी."

मग ती खाली बघतच बोलत राहिली. "तू झाला तवा आई उठंना. तुजं रडनं मांजरीच्या पिलावानी. बाया बघून जायच्या अन् दारात तोंड फिरवायच्या. गुटी उगाळायचं माझ्याकडं आलं. हळकुंड, वेखंड, बदाम, अन् सोन्याचा वेढा. आज्जी म्हनली, सोनं लागलं का पोर धरतंय. गिन्नी तेवढीच हुती घरात. म्हनली, पर देवाला धक्का लावू नकू, खालून उगाळ, राक्षसाच्या अंगानं. ल्येकराला एक वेढा, सहानंवर एकच फेरा, द्यायचा आसतो. म्या कशाला एक देते? हात दुखस्तर उगाळायची. मला वाटायचं, हा राक्षस सगळा पुसला का तुजं दुखनं जाईल. रोज बघायची, शेपूट गेली, पाय गेलं. आर्धा राह्यला अन् तू रांगाय लागला. मंग सोडला त्याला."

माझ्या हातातलं भिंग खाली आलं. ओसरीवर ऊन आलं होतं. त्या उन्हात मला एक परकरातली पोर दिसली, सहाणेवर ओणवी झालेली, बोटात पिवळा तुकडा घट्ट धरून गोल गोल फिरवणारी. दुधाच्या थेंबात काहीतरी चमकतंय, ते ती बोटानं निपटून माझ्या जिभेला लावतेय. मला त्यातलं काही आठवणं शक्य नाही. तरी मला ते बोट जिभेवर लागलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"ती मुंबईची होती का, ते आता कधीच कळायचं नाही," मी म्हटलं. रागानं नाही, नुसतंच.

आक्कानं गिन्नी माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि ताम्हनात सुपारीशेजारी ठेवली. माझी उघडी पेटी तिनं जवळ ओढली. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून बोटानं चाचपत एकेक खळगा मोजला. शेवटच्या खळग्याशी बोट थांबलं.

"हितं सातवी पायजे व्हय तुला?"

"हो."

"मंग बस पाटावर," ती म्हणाली. "सा ह्या डबीत हायेत. सातवी सगळी तुझ्याच आंगात मुरलीया. मला काय, मी दरसाल ववाळते तिला."

मी पाटावर बसलो. टोपी सारखी केली. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि ताम्हन माझ्या तोंडासमोर गोल फिरायला लागलं. निरांजनाच्या उजेडात तो झिजलेला घोडेस्वार माझ्याकडे येत होता आणि जात होता.